फळरसाची आइस कँडी: वेष्टनावरचे फळ आणि फळातली अळी

मे महिन्याच्या मध्यास वाराणसीत पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, दुपारी लू वाहते आणि किराणा दुकानांच्या शीतपेट्यांत फळरसाच्या रंगीत कांड्या व प्लॅस्टिकच्या नळ्या दिसू लागतात. महाराष्ट्रातील मुले ज्या नळीला सर्रास 'पेप्सी' म्हणत आली, तिचीच ही नीटनेटक्या वेष्टनातली बहीण. आइसक्रीमला हलका पर्याय म्हणून ती घरोघरी घेतली जाते. बचत गटांच्या व शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या दृष्टीने येथे दोन प्रश्न उभे राहतात. हा पदार्थ खरोखर हलका आहे का? आणि आपल्या बागेतील फळापासून तो आपणच का करू नये? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे कीटकशास्त्रात दडलेले आहे.

प्रथम हलकेपणाचा हिशेब पाहू. आइसक्रीम या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात किमान 10 टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते. म्हणजे 60 ग्रॅम आइसक्रीममध्ये 6 ग्रॅम स्निग्धांश आणि त्यातूनच 54 किलोकॅलरी. साखर व दुधातील इतर घन पदार्थ धरून बेरीज साधारण 120 वर जाते. तेवढ्याच वजनाच्या कांडीत 15 टक्के साखर धरली तर 9 ग्रॅम साखर, म्हणजे 36 किलोकॅलरी होतात. एक तृतीयांशाहूनही कमी. या अर्थी कांडी निःसंशय हलकी आहे. परंतु बचत झाली ती स्निग्धांशाची; साखर दोन्हींत जवळपास सारखीच राहिली. गारव्यामुळे जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून गोठवायच्या मिश्रणात साखर अधिकच घालावी लागते. शिवाय साखर कमी केली की कांडी दगडासारखी घट्ट होते. मधुमेही व्यक्तीने 'फळाचीच तर आहे' असे म्हणून दोन-तीन कांड्या खाणे योग्य नव्हे. उन्हातून आलेल्या मजुराला पाण्याऐवजी कांडी देणेही चुकीचे. क्षारसंजीवनीच्या प्रमाणित द्रावणात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते. कांडीच्या मिश्रणात लिटरमागे साखर सुमारे 150 ग्रॅम आणि मीठ जवळजवळ नाही. मीठ घातलेले कैरीचे पन्हे त्या कामी कितीतरी सरस.

आता वेष्टन वाचू. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. बहुतेक वेष्टनांवर पहिले पाणी, दुसरी साखर आणि त्यानंतर फळांचा रस किंवा घट्ट रस आढळतो. पुढे आयएनएस 330, म्हणजे सायट्रिक आम्ल; 412 म्हणजे ग्वार गोंद; आणि 102, 110, 122, 133 यांपैकी एखादा क्रमांक, म्हणजे कृत्रिम रंग. यांतील काहीही बेकायदेशीर नाही. मात्र 'आंबा' हे नाव, आंब्याचे चित्र आणि आंब्याचा गर या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रसाची टक्केवारी छापलेली असेल तर ती पाहावी; नसेल तर यादीतील रसाचा क्रम पाहावा. घट्ट रसात पाणी मिसळून केलेल्या पेयांवरील '100 टक्के फळरस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून 2024 मध्ये दिला, तोही याच संभ्रमामुळे.

गावोगावी एक 'चाचणी' सांगितली जाते: मुंग्या लागल्या म्हणजे रस अस्सल. कीटकशास्त्रज्ञ म्हणून ती निकालात काढणे मला भाग आहे. मुंगी साखरेकडे येते. ती साखर आंब्यातून आली की पोत्यातून, याची चौकशी ती करत नाही.

स्वतः कांडी करू पाहणाऱ्यांसाठी वाराणसीचा लंगडा हे चांगले उदाहरण आहे. 'बनारसी लंगडा' आंब्यास 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तम फळ पेटीतून बाजारात जाते. लहान, डागाळलेले आणि झाडावरच पिकून गळालेले, ज्याला येथे 'टपका' म्हणतात, ते रसासाठी उरते. हा टपका चवीला श्रेष्ठ, पण फळमाशीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसची मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. एक ते तीन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर खाऊ लागतात आणि वाढ पूर्ण झाली की जमिनीत शिरून कोशात जातात. अंडी घातलेले फळ सुरुवातीस निरोगीच दिसते. लंगडा पिकल्यावरही बराचसा हिरवा राहतो, त्यामुळे केवळ रंगावरून अंदाज येत नाही. सालीवरील बारीक छिद्र, त्याभोवतीचा मऊ तपकिरी डाग आणि पाझरणारा रस शोधावा लागतो. कोकणात वळवाच्या सरींनंतर निघणाऱ्या हापूसबाबतही हीच दक्षता हवी.

काहींची समजूत अशी की गर गोठवायचाच आहे, तर अळीचे काय? उणे 18 अंशांवर अळी मरते हे खरे. पण ती गरातच राहते, आणि तिच्या वाटेने शिरलेले यीस्ट व जीवाणू गर आंबवतात. गोठवल्याने त्यांतील बरेच केवळ निद्रिस्त होतात. चाळणीने मोठ्या अळ्या अडतील. सुमारे एक मिलिमीटर लांबीची अंडी अडतीलच असे नाही. म्हणून सबंध फळे यंत्रात घालू नयेत. प्रत्येक फळ चिरून पाहावे, डागाळलेले फळ अर्धे कापून न वापरता पूर्ण बाजूला काढावे आणि गर त्याच दिवशी तयार करावा. खरा उपाय मात्र बागेतच आहे: मिथाइल युजेनॉलचे सापळे, ज्यांतील दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आपल्या परिचयाचा आहे, आणि गळालेली फळे रोज वेचणे. सापळ्यात फक्त नर सापडतात. त्यामुळे सापळा लावून फळे झाडाखाली कुजू देणारा बागायतदार पुढची पिढी स्वतःच पोसत असतो.

प्रमाण सोपे आहे. 500 ग्रॅम गर, 440 मिलिलिटर उकळून गार केलेले पाणी आणि 60 ग्रॅम साखर. गराची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर 18 ब्रिक्स असेल, तर मिश्रणात एकूण साखर सुमारे 15 टक्के होते. गर 20 ब्रिक्सचा असल्यास साखर 10 ग्रॅमने कमी करावी. गर 85 अंशांपर्यंत काही मिनिटे तापवून झटपट गार करावा, एका लिंबाचा रस घालावा, मग साच्यात ओतावे. 60 ग्रॅमच्या सोळा कांड्या होतात आणि प्रत्येकीत 30 ग्रॅम आंबा असतो. रंग घालण्याचे कारण नाही. लाल कांडी हवी असल्यास रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे कोकम आहेच; बेलाच्या गरातील चिकट द्रव्य तर बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाही, म्हणून वेगळा गोंदही लागत नाही. विक्री करायची तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे, आणि काडी लाकडाची किंवा बांबूचीच हवी. प्लॅस्टिकच्या काडीवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे.

उरतो तो कचरा. साली, कोयी व किडकी फळे उघड्या खड्ड्यात टाकल्यास फळमाशीला आयते घर मिळते. ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावीत, मगच कंपोस्टमध्ये घालावीत. पाकाची भांडी झाकून ठेवावीत. मे-जूनमध्ये शिवारात फुलोरा कमी असतो, मधमाश्या गोडाच्या शोधात रसाच्या दुकानांवर येतात आणि उघड्या पाकात बुडून मरतात. त्याच मधमाश्या पावसाळ्यात दोडका, कारली आणि भोपळ्याच्या फुलांवर आपल्याला हव्या असतात.