भाव शिळा होतो कधी?

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव देणारी छोटी वेब एपीआय मी डॉटनेटमध्ये लिहिली आहे. सकाळी लिलाव सुरू झाले की सर्व्हर धापा टाकतो. मित्र म्हणतो, रिस्पॉन्स कॅशिंगचं मिडलवेअर लाव. पण त्यामुळे शेतकऱ्याला जुना भाव दिसला तर?
— एक वाचक, निफाड

उत्तर : तुम्ही निफाडचे, म्हणजे चाळ काय असते हे तुम्हाला सांगायला नको. कॅश म्हणजे चाळच. (रोकडीशी त्याचा संबंध नाही, फ्रेंचमधल्या ‘लपवणे’ या क्रियापदावरून तो शब्द आला.) उन्हाळी कांदा आपण चाळीत भरतो, लाल कांदा भरत नाही, कारण तो टिकत नाही. तुमच्या एपीआयच्या उत्तरांनाही हाच न्याय लावा.

काल लासलगावला निघालेले किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर आता बदलणार नाहीत. तो उन्हाळी माल; दिवसभर खुशाल ठेवा. लिलाव चालू असतानाचा भाव मात्र लाल कांदा. त्याला ६० सेकंद पुष्कळ झाले. त्या मिनिटात ५०० जणांनी तोच भाव विचारला, तरी डेटाबेसकडे एकच फेरी होईल. किती सेकंद ठेवायचं, हे कुठल्या प्रोग्रामरला विचारू नका. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

ही मुदत ‘कॅश-कंट्रोल’ हेडरमधून सांगायची : पब्लिक, मॅक्स-एज ६०. हे हेडर १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासूनचं आहे. मिडलवेअर फक्त त्याचं ऐकतं. हेडर नसेल तर ते काहीच साठवत नाही आणि ‘लावलं, पण फरक पडेना’ अशी तक्रार सुरू होते. गेट किंवा हेड विनंतीचं २०० क्रमांकाचं उत्तरच साठतं. विनंतीत ऑथोरायझेशन हेडर असेल किंवा उत्तरात कुकी जात असेल, तर साठत नाही, आणि ते बरंच आहे. एका व्यापाऱ्याचा हिशेब दुसऱ्याला दिसायला नको. पोस्टमनमध्ये तपासाल तर फसाल. ते न सांगता ‘नो-कॅश’ पाठवतं आणि मिडलवेअर त्याचा मान राखून दर वेळी ताजं उत्तर आणतं.

खरी भीती शिळ्या भावाची नाही, दुसऱ्याच बाजाराच्या भावाची आहे. पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग हे मिडलवेअर आपणहून विचारातच घेत नाही. कुणी बाजार=लासलगाव विचारलं, मग दुसऱ्याने बाजार=पिंपळगाव विचारलं, की त्याच्या हाती लासलगावचा भाव पडतो. तोही अगदी ताजा, म्हणून संशय येत नाही. ‘व्हॅरी-बाय-क्वेरी-कीज’मध्ये बाजार, जात आणि तारीख लिहा, म्हणजे प्रत्येकाची चाळ वेगळी राहील.

डॉटनेट ७ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, आउटपुट कॅशिंग नावाचा दुसरा मार्ग आला आहे. मी तुमच्या जागी असतो तर तोच घेतला असता. तिथे क्वेरीप्रमाणे उत्तरं आपोआप वेगळी ठेवली जातात, ब्राउझरच्या ‘नो-कॅश’ला भीक घातली जात नाही, आणि साठ्याला टॅग लावता येतो. नव्या लिलावाची नोंद झाली की त्या बाजाराचा टॅग रद्द करा. पुढच्या माणसाला नवा भाव मिळेल. मॅक्स-एज लावून शेतकऱ्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचलेली प्रत मात्र परत बोलावता येत नाही. म्हणून भावाशेजारी नोंदीची वेळ छापाच. ‘११.२० चा भाव’ असं दिसलं की ट्रॅक्टर वळवायचा की थांबायचं, ते शेतकरी ठरवेल.

आणि हो, हा साठा सर्व्हरच्या मेमरीत असतो. रीस्टार्ट केलंत की चाळ रिकामी. तेव्हा ऐन लिलावात नवं व्हर्जन चढवू नका.