मल्चिंग पेपरखालचे खत



गेल्या पावसाळ्यात आपल्या देणगीतून सातपुड्यातील एका पाड्यावर सहा कुटुंबांना मिरचीसाठी मल्चिंग पेपर दिला. तिथली शेती उताराची आणि पूर्णपणे पावसाच्या पाण्यावरची. पेपरमुळे ओल टिकली, निंदणीचे कष्ट वाचले, याबद्दल देवाची स्तुती असो. पण एका कुटुंबाची रोपे गर्द हिरवी झाली, कमरेएवढी वाढली आणि मिरच्या मात्र थोड्याच लागल्या. वर मावाही पडला. त्या घरातील दादांनी विचारले, "ताई, झाड एवढं चांगलं, मग फळ का नाही?"

चूक माझी होती. पेपर दिला, पण त्याखाली युरिया किती टाकावा हे मी सांगितले नव्हते. त्यांनी दरवर्षीइतकाच टाकला. त्यानंतर मी जे शिकले ते आपल्यापुढे ठेवते.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 21 किलो नत्र असते. उघड्या शेतात ते सगळे पिकाला मिळत नाही. ओल्या जमिनीवर नुसता फेकलेला युरिया अमोनिया वायू होऊन उडतो. मातीत गेलेल्या युरियाचे जिवाणू नायट्रेट बनवतात. ते पाण्यात विरघळते आणि मोठ्या पावसात मुळांच्याही खाली झिरपून जाते. पाणी साचले तर त्याचाही वायू होतो. काही वाटा तण खाते. म्हणून शेतकरी सवयीने थोडा जास्तच टाकतो. पावसाचा आणि तणाचा वाटा त्याने आधीच धरलेला असतो.

पेपर हा हिशेब बदलतो. वाफ्यावर पाऊस थेट पडत नाही, म्हणून नायट्रेट कमी झिरपते. तण उगवत नाही. माती उबदार व ओलसर राहते, त्यामुळे जिवाणू जोमाने काम करतात आणि शेणखतातले व मातीतले नत्रही लवकर मोकळे करतात. तेव्हा नेहमीचाच युरिया पेपरखाली जास्त होतो. जास्त नत्राने मिरची पानांनी वाढते, फळधारणा मागे पडते आणि कोवळ्या पानांवर रस शोषणारी कीड येते. शिवाय मातीतला सेंद्रिय अंश लवकर संपतो. दरवर्षी शेणखताची भर घातली नाही, तर जमीन हळूहळू कस गमावते.

आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. पेपरवर पडलेले पाणी सरीत उतरते. वाफे उताराच्या दिशेने असतील तर ते पाणी माती आणि सरीत टाकलेला युरिया घेऊन थेट ओढ्याला जाते. दुसरे, हंगाम संपल्यावर पेपर काढला की उरलेले नायट्रेट पुढच्या पावसात खाली उतरते आणि विहिरीच्या पाण्यात जाऊ शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलीग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून जास्त झाले तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना विशेष धोका असतो.

पेपरचे तुकडे हाही प्रश्न आहे. चीनच्या गान्सू प्रांतात पाऊस फार कमी. तिथे मक्याच्या शेतात पेपर अंथरून पावसाचा थेंब न् थेंब मुळाशी आणतात आणि पीक चांगले येते. पण पातळ पेपर फाटून वर्षानुवर्षे मातीत राहिला. शेवटी 2017 मध्ये तिथल्या मानकात पेपरची किमान जाडी 0.01 मिलिमीटर ठरवावी लागली, म्हणजे तो गोळा तरी करता यावा.

म्हणून येत्या हंगामासाठी आम्ही असे ठरवले आहे:

1. आधी माती परीक्षण, मग खताचे प्रमाण.

2. वाफे उताराला आडवे. चांगले कुजलेले शेणखत आणि नत्राचा थोडाच भाग पेपरच्या आधी मातीत मिसळायचा.

3. उरलेले नत्र पीक पाहून, ओल असताना, छिद्रातून खोडापासून थोडे दूर, थोडे थोडे द्यायचे. सरीत युरिया टाकायचा नाही.

4. ओल असेल तिथे मिरचीनंतर त्याच वाफ्यावर दुसरे पीक, म्हणजे उरलेले नत्र वाया जाणार नाही.

5. शेवटी पेपर पूर्ण गोळा करायचा. नांगरायचा नाही, जाळायचा नाही.

6. दोन कुटुंबे पेपरऐवजी गिरीपुष्पाचा पाला अंथरून पाहणार आहेत. तो कुजताना स्वतःच नत्र देतो.

लूक 13 मधला अंजिराच्या झाडाचा दाखला आपण नेहमी वाचतो. फळ नसलेल्या झाडासाठी माळी आणखी एक वर्ष मागतो, आणि खताच्या आधी खणण्याचे नाव घेतो. मी मात्र मातीकडे न पाहताच ती झाकायला दिली होती.

त्या दादांनीही आणखी एक हंगाम मागितला आहे. मागच्या मिरचीत त्यांचा घातलेला पैसाही निघाला नाही, तरी ते पुन्हा वाफे करायला तयार आहेत. आपल्या देणगीतून या वेळी पेपरचे रोल कमी घेऊ. वाचलेली रक्कम माती परीक्षण, शेणखत आणि जुना पेपर गोळा करून खाली आणण्याच्या भाड्यासाठी वापरू. या सहा कुटुंबांसाठी, वेळेवर पडणाऱ्या पावसासाठी आणि आम्हा सेवकांना शिकण्याची नम्रता मिळावी म्हणून प्रार्थना करा.