पिट्सबर्गमध्ये ‘हॉटेलजवळ’ म्हणजे किती जवळ?

मुलं कार्नेगी मेलनला किंवा पिट्सबर्ग विद्यापीठात शिकायला गेली की पदवीदानाच्या वेळी आई-वडील तिकडे निघतात. विद्यापीठं ओकलंड भागात आहेत. तिथली हॉटेलं त्या दिवसांत फार आधीपासून भरलेली असतात, म्हणून पुष्कळांची सोय डाउनटाउनमध्ये लागते. आमचीही तशीच लागली. लेक शेवटच्या कामांत गळ्यापर्यंत बुडालेली, आम्ही दोघं दिवसभर मोकळे, आणि हातात हॉटेलच्या काउंटरवरून मिळालेला छापील कागद: जवळची प्रेक्षणीय स्थळं आणि प्रत्येकापुढे मैलांत अंतर. त्या कागदाविषयी मला लिहायचं आहे, कारण असे कागद सगळीकडे मिळतात आणि माणसं त्यांच्यावर विसंबून पायपीट करतात.

कागदावरची अंतरं सरळ रेषेत मोजलेली होती. सपाट गावात ते चालून जातं, पण पिट्सबर्ग सपाट नाही. एका बाजूने अलेगेनी, दुसऱ्या बाजूने मोनोंगाहेला, आणि दोघी एकत्र येऊन ओहायो नदी होते. त्या बेचक्यातला त्रिकोण म्हणजे डाउनटाउन. नदीपलीकडे लगेच उभा डोंगर. शहरात ४४६ पूल आहेत, यावरून काय ते समजावं. आमच्या कागदावर ड्यूकेन इन्क्लाइन, म्हणजे डोंगराच्या उतारावरून दोराने ओढले जाणारे डबे, ‘१ मैल’ होतं. प्रत्यक्षात पूल गाठायचा, तो ओलांडायचा, मग वेस्ट कार्सन स्ट्रीटच्या कडेने चालायचं. शेजारून गाड्या सुसाट जातात, सावली नाही, टेकायला बाकडं नाही. यांचे गुडघे आधीच दुखरे. पोचेपर्यंत डावा गुडघा सुजला आणि पुढचा सबंध दिवस खोलीत बर्फ लावण्यात गेला. काउंटरवर सांगितलं तर उत्तर मिळालं की कागद पाहुण्यांच्या सोयीसाठी आहे. वयस्कर पाहुण्यांची सोय त्यात कोणी धरलेलीच नव्हती, याचा मला आजही राग आहे.

माउंट वॉशिंग्टनच्या डोंगरावर मात्र जायलाच हवं. पूर्वी याला कोल हिल म्हणत, कारण त्याच्या पोटातून कोळसा काढत. कामगार वर राहायचे, कारखाने खाली नदीकाठी, म्हणून डोंगराच्या उतारावर रूळ टाकून दोराने ओढायचे डबे सुरू झाले. तशा अनेक मार्गांपैकी दोनच उरले आहेत: १८७० चं मोनोंगाहेला आणि १८७७ चं ड्यूकेन. माझा सल्ला असा की चढताना मोनोंगाहेला घ्या. त्याचं खालचं स्टेशन स्टेशन स्क्वेअरसमोर आहे आणि तिथवर ‘टी’ नावाची लोकल रेल्वे जाते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही टी डाउनटाउनमध्ये आणि अलेगेनीपलीकडच्या नॉर्थ शोअरपर्यंत फुकट आहे, पण मोनोंगाहेला नदी ओलांडून स्टेशन स्क्वेअरला गेलात की तिकीट लागतं. फुकट आहे असं ऐकून बसलेली आपली माणसं तिथे गडबडतात. पाय धड असतील तर स्मिथफील्ड स्ट्रीटचा पूल चालत ओलांडा. तो १८८३ चा आहे, आणि भिंगाच्या आकाराच्या त्याच्या लोखंडी कमानी खालून चालतानाच नीट दिसतात.

मोनोंगाहेलाचा डबा पायऱ्यांसारखा तीन टप्प्यांत केलेला आहे, त्यामुळे चढ उभा असला तरी बसणारा सरळ बसतो. वर पोचल्यावर ग्रँडव्ह्यू अव्हेन्यूने साधारण मैलभर गेलं की ड्यूकेनचं वरचं स्टेशन येतं. हा रस्ता डोंगराच्या कडेने जातो, फार चढ नाही आणि तिन्ही नद्या सतत दिसत राहतात. ड्यूकेनच्या स्टेशनात यंत्रघर बघायला मिळतं, ते चुकवू नका. दोर ओढणाऱ्या मोठ्या चक्राचे दात लाकडाचे आहेत आणि ते अजून काम करतात. हे इन्क्लाइन १९६२ साली बंद पडलं होतं. वरच्या वस्तीतल्या लोकांनी पैसे जमवले आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा चालू केलं. डबा वर येताना चक्र फिरतं तेव्हा हे बराच वेळ तिथून हलले नाहीत, गुडघ्याची आठवणही काढली नाही. परतीला मात्र वरूनच टॅक्सी बोलवावी.

बाकीचं डाउनटाउन खरोखर चालण्याजोगं आहे. नद्यांच्या संगमावर पॉइंट स्टेट पार्क आहे. तिथलं मोठं कारंजं हिवाळ्यात बंद असतं. फोर्ट पिटचं ब्लॉकहाउस १७६४ चं, शहरातली सगळ्यात जुनी इमारत. चिमुकलं आहे आणि पाहायला पैसे पडत नाहीत. विटांच्या मधल्या लाकडी तुळयांत बंदुका रोखायच्या फटी आहेत, त्यांत बोट घालून बघता येतं. अँडी वॉरहॉल संग्रहालय त्याच्याच नावाच्या पुलापलीकडे आहे. ते आणि ओकलंडमधली कार्नेगी संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. निघण्याआधी वेळा पाहून घ्या. स्ट्रिप डिस्ट्रिक्टचा बाजार शनिवारी सकाळीच गाठावा, संध्याकाळी तिथे काही नसतं. डाउनटाउनची खाण्याची ठिकाणंही ऑफिसं सुटली की पुष्कळ मिटतात, तेव्हा रात्रीच्या जेवणाचं आधी ठरवा. आणि बुकिंग करताना स्टीलर्स किंवा पायरेट्स या इथल्या संघांचा घरचा सामना आहे का ते बघा, त्या दिवशी खोल्यांचे दर वर जातात.

ओकलंडला ६१ आणि ७१ क्रमांकांच्या बसगाड्या जातात. तिथलं ४२ मजली कॅथेड्रल ऑफ लर्निंग उभं राहत असताना ९७,००० शाळकरी मुलांनी दहा-दहा सेंट दिले होते. आत वेगवेगळ्या देशांच्या परंपरेत सजवलेल्या वर्गखोल्या आहेत. भारताची खोली २००० साली झाली आणि ती नालंदेच्या धर्तीवर आहे. पण या खोल्यांत खरोखरचे वर्ग भरतात. सत्र चालू असताना आठवड्यात गेलात तर दारावरून परत फिरावं लागतं, म्हणून शनिवार-रविवार धरा. पेन हिल्सचं १९७६ चं व्यंकटेश्वर मंदिर बघायची इच्छा बहुतेकांना असते. ते शहराबाहेर आहे, कोणाची तरी गाडी हवी.

आता माझ्या मनातली खरी तक्रार. पोलादावर उभ्या राहिलेल्या या शहराच्या त्या कागदात पोलादाचा एकही कारखाना नव्हता. माझं माहेर लालबागचं, वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपाचे दिवस मी पाहिलेत. नदीकाठच्या भट्ट्या त्याच दशकात एकामागून एक थंड झाल्या, हे मला ठाऊक होतं, आणि त्या कुठे गेल्या हे मला बघायचं होतं. काउंटरवर विचारलं तर कोणाला नीट सांगता आलं नाही. लेकीने शोधून दिलं.

डाउनटाउनपासून सात-आठ मैलांवर, मोनोंगाहेलाच्या काठी रँकिनला कॅरी फर्नेसेस आहेत. ६ आणि ७ क्रमांकांच्या दोन झोतभट्ट्या शिल्लक आहेत, ९२ फूट उंच. १९०७ मध्ये उभ्या राहिल्या, १९७८ पर्यंत चालल्या. वरून खनिज, कोक आणि चुनखडी टाकायची, खालून तापलेली हवा सोडायची. वितळलेलं लोखंड जमिनीतल्या चरांतून वाहत गाड्यांमध्ये पडायचं आणि तसंच रसरशीत पुलावरून पलीकडे होमस्टेडच्या कारखान्यात जायचं. एम्पायर स्टेट बिल्डिंगला पोलाद गेलं ते याच होमस्टेडचं. गाइडने आम्हाला त्या चरांच्या कडेला उभं केलं आणि कामगार कुठे उभे राहायचे ते दाखवलं. भट्टीच्या तोंडापासून ती जागा चार पावलांवर होती. माझ्या वडिलांच्या खात्यात कापूस छातीत जायचा. इथे अंगावर ठिणग्या पडायच्या. मागच्या अंगणात, कारखाना बंद पडल्यावर १९९० च्या दशकाच्या शेवटी काही कलाकारांनी परवानगी न घेता आत शिरून नळ्या आणि तारा जोडत हरणाचं सुमारे ४० फुटांचं मुंडकं उभारलं, ते अजून उभं आहे.

होमस्टेडचा कारखाना १९८६ ला बंद झाला. त्या जागी आता वॉटरफ्रंट नावाचा मॉल आहे आणि एका कडेला विटांची बारा धुराडी रांगेत राखली आहेत. लोअर परळला फिनिक्सच्या आवारात गिरणीची चिमणी आहे, तिथून जाताना मला जे होतं तेच तिथे झालं. जवळच पंपहाउस आहे. ६ जुलै १८९२ च्या पहाटे पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेचे ३०० सशस्त्र लोक पडावांतून इथे उतरायला आले आणि कारखान्याच्या संपकऱ्यांशी त्यांची लढाई झाली, दोन्हीकडची माणसं गेली. ते लोक आणवले होते कारखाना चालवणाऱ्या हेन्री क्ले फ्रिक यांनी. त्याच फ्रिकनी १९१६ मध्ये डाउनटाउनमध्ये विल्यम पेन हॉटेल बांधलं. ते आजही चालू आहे. आम्ही उतरलो ते दुसरं, पण फ्रिकच्या त्या हॉटेलची लॉबी बघून यावी, होमस्टेडला जाऊन आल्यानंतर.

कॅरीच्या फेऱ्या साधारण मे ते ऑक्टोबर असतात आणि ‘रिव्हर्स ऑफ स्टील’ ही संस्था त्या चालवते. आधी नाव नोंदवावं लागतं. बंद बूट हवेत, चपला चालत नाहीत. जमीन खडबडीत आहे, बसायला जागा कमी, म्हणून गुडघेवाल्यांनी काठी न्यावी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. जाता-येता टॅक्सीच करा. परतीची गाडी फेरी संपायच्या आधी मागवा, कारण त्या बाजूला टॅक्सी यायला वेळ लागतो.