बिडी सुटली आणि हिरड्यांतून रक्त आलं

धाटावच्या कारखान्यात रात्रपाळीला लागलेली बिडी मी पन्नाशीत सोडली. ओढत होतो तोवर हिरड्यांतून थेंबभर रक्त नव्हतं. सोडल्यावर काही आठवड्यांतच ब्रश लाल व्हायला लागला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "मशेरी लाव, हिरड्या घट्ट होतील." पाळीतला सोबती म्हणाला, बिडी सोडलीस म्हणूनच हे झालं, परत ओढ. रोह्यापासून पेणपर्यंत हाच सल्ला मिळतो, म्हणून लिहितो आहे.

रोह्यातल्या डॉक्टरबाईंनी खुणांची बारीक सळई दात आणि हिरडीमधल्या फटीत घालून मोजमाप घेतलं. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. माझ्या मागच्या दाढांशी ती ६ पर्यंत उतरली. एक्स-रेमध्ये हाडही झिजलेलं दिसलं. आजार जुनाच होता, रक्त तेवढं नवीन. धूम्रपानाने हिरडीतून रक्त येणं दबतं, आतली झीज चालूच राहते. हे कळल्यावर बिडीकडे परत जायचा प्रश्नच उरला नाही.

बाईंनी आतला कारभारही समजावला. दाताच्या मुळाशी कीट साचलं की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून जंतूंवर धावतात. मागोमाग लिम्फोसाइट येतात. कीट तसंच राहिलं तर पुढे प्लाझ्मा पेशींची दाटी होते. वाहिन्या फुगतात, हिरडीचं आतलं अस्तर पातळ होऊन सोलवटतं आणि ब्रश लागला की रक्त येतं. जंतूंसाठी सोडलेली विकरं हिरडीचे कोलॅजनचे धागेही विरघळवतात. हे वर्षानुवर्षं चाललं तर हाड जातं, आणि गेलेलं हाड आपसूक भरून येत नाही.

नुसती सूज असेल तर ती उतरते. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आर्हूसमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ जणांचं दात घासणं थांबवलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू झाल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

म्हणून रक्त येतं तिथे घासणं सोडू नका. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलक्या हाताने फिरवा, दातांमधल्या फटीही साफ करा. दगडासारखं झालेलं कीटण घरी निघत नाही, ते दवाखान्यातच काढून घ्या. सफाईने दात हलतात, ही समजूत चुकीची आहे; कीटणाच्या आडोशाला हाड आधीच गेलेलं असतं, ते काढल्यावर ढिलेपणा जाणवतो एवढंच. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरड्या घट्ट करत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. मधुमेह असेल तर साखर तपासा, कारण ती वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात. गरोदरपणातही रक्त जास्त येतं. तेव्हा दिवस गेल्याचं सांगून दाताच्या डॉक्टरांना दाखवावं.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबत नसेल तर तपासून घ्या. हिरड्या अचानक फुगल्या, सोबत ताप, थकवा किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील तर मात्र थांबू नका. रक्ताच्या कर्करोगातही बिघडलेल्या पांढऱ्या पेशी हिरडीत साचतात. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्या.