दुकानातील संगणकांचा बॅकअप : ठेवणे सोपे, परत मिळवणे अवघड

व्यापारात माल भिजला किंवा जळाला तर विम्याचा आधार असतो. संगणक बिघडला तर दुसरा विकत मिळतो. पण उधारीचा हिशोब एकदा गेला तर तो कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. पूर्वी किर्द आणि खतावणी लोखंडी कपाटात असत, कुलूप लावले की मालक निर्धास्त झोपत असे. आज तीच खतावणी एका लहानशा डिस्कवर असते आणि ती डिस्क कोणत्या दिवशी दगा देईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून दुकान, गोदाम व घर मिळून चार-पाच संगणक वापरणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी हा विषय थोडा तपशिलाने मांडत आहोत. आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नाही, कापडवाले आहोत. जे लिहिले आहे ते नुकसान सोसून शिकलेले आहे.

आमचा तजुर्बा

कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरात, पुणे-बंगळूर महामार्गाच्या बाजूला, कापडाचा धंदा निम्मा रोखीवर आणि निम्मा विश्वासावर चालतो. आसपासच्या गावांतील शेतकरी लग्नाचा बस्ता बांधून नेतो आणि उसाचे बिल आले की पैसे आणून देतो. ही सर्व उधारी आमच्याकडे एका सर्व्हर संगणकावर होती. बिल करणारे चार डेस्कटॉप त्याला केबलने जोडलेले होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीच्या आठवडाभर आधी, सर्व्हरची डिस्क बंद पडली. आम्ही घाबरलो नाही. कारण रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर बॅकअप होत होता आणि सकाळी पडद्यावर ‘यशस्वी’ असा संदेश आम्ही स्वतः पाहत होतो. ती डिस्क उघडली तेव्हा त्यात मार्चपर्यंतचाच हिशोब निघाला. मार्चमध्ये हिशोबाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेतली, तेव्हा माहिती नव्या फोल्डरमध्ये गेली. बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा होत राहिला. सात महिने आम्ही एकाच जुन्या हिशोबाची रोज नक्कल करत होतो. चूक सर्वस्वी आमची होती, कारण त्या सात महिन्यांत एकदाही आम्ही बॅकअप उघडून पाहिला नाही.

खरेदीची बिले जीएसटीच्या जीएसटीआर-२बी विवरणातून मिळाली. नोंदणीकृत दुकानदारांना केलेली विक्री जीएसटीआर-१ मधून मिळाली. परंतु किरकोळ विक्री त्या विवरणात एकत्रित रकमेने जाते, त्यात गिऱ्हाइकाचे नाव नसते. शिवाय कोणी किती पैसे जमा केले हे तर कोणत्याच विवरणात नसते. म्हणजे नेमकी उधारी आणि वसुली गेली. काही गिऱ्हाइके स्वतः बिल घेऊन आली आणि आपली बाकी सांगून गेली. ज्यांनी ‘दिले’ म्हटले त्यांचे आम्ही मान्य केले. पण वीस वर्षांच्या एका गिऱ्हाइकाकडे, त्याने फेडलेले पैसे आम्ही पुन्हा मागितले. त्याने खिशातून आमचीच पावती काढून दाखवली. पैशाचे नुकसान भरून निघाले, ती शरमेची गोष्ट अजून आठवते. हिशोब ही दोन्ही बाजूंची अमानत असते, हे त्या दिवशी कळले.

अशी चूक लहान दुकानदाराचीच होते असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध संगणक कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच मार्ग होते. वेळ आली तेव्हा पाचांपैकी एकही नीट चालत नसल्याचे आढळले. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक नक्कल होती म्हणून बरेचसे वाचले. बॅकअप अयशस्वी झाल्याची सूचना देणारे ईमेल संबंधितांपर्यंत पोहोचतच नव्हते, असेही त्यांनी नंतर जाहीर केले.

प्रथम यादी करावी

कोणतेही यंत्र वा प्रोग्रॅम विकत घेण्याआधी कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात विकत मिळणाऱ्या वस्तू : संगणक, विंडोज, हिशोबाचा प्रोग्रॅम. दुसऱ्यात इतरांकडून परत मिळणारी माहिती : खरेदीची बिले, बँकेचे उतारे, कराची विवरणे. तिसऱ्यात फक्त आपल्याकडे असलेली माहिती : उधारी, वसुली, मालसाठा, कारागिरांचा हिशोब, डिझाइनचे फोटो. बॅकअपची खरी गरज तिसऱ्या रकान्याला आहे. प्रत्येक नोंदीपुढे ती माहिती कोणत्या संगणकावर, कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे लिहावे. प्रोग्रॅम बदलला की ही यादी त्याच दिवशी तपासावी.

नंतर स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. किती तासांचे काम पुन्हा हाताने भरण्याची आपली तयारी आहे? आणि दुकान किती वेळ बंद राहिले तर चालेल? पहिल्या उत्तरावरून बॅकअप दिवसातून किती वेळा घ्यावा हे ठरते. दुसऱ्यावरून किती खर्च करावा हे ठरते.

मांडणी कशी करावी

प्रत्येक संगणकाला वेगळी डिस्क लावून ठेवण्यापेक्षा एक स्वतंत्र बॅकअप संगणक ठेवावा आणि त्याने जाळ्यातून सर्वांची माहिती गोळा करावी. यासाठी जुना पण धडधाकट डेस्कटॉप आणि त्यात दोन मोठ्या नव्या डिस्क पुरेशा होतात. तो सर्व्हरच्या शेजारी न ठेवता इमारतीच्या दुसऱ्या भागात, शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावा आणि त्याला यूपीएस लावावा.

प्रोग्रॅम फुकट मिळतात. ‘अर्बॅकअप’ हा लहान दुकानासाठी सोयीचा आहे. त्याचा मुख्य भाग बॅकअप संगणकावर आणि छोटा भाग प्रत्येक संगणकावर बसवावा लागतो. तो फायलींचा आणि संपूर्ण डिस्कचा, असे दोन्ही प्रकारचे बॅकअप चालू संगणकावरून घेतो. ‘बॅकअपपीसी’ आणि मोठ्या कार्यालयांसाठी ‘बॅक्युला’ हेही जुने व प्रसिद्ध आहेत, पण ते जाणकाराकडून बसवून घ्यावेत.

केबल व स्विच यांत कंजुषी करू नये. २०० जीबी माहिती जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचमधून जायला सुमारे पाच तास लागतात. गिगाबिट स्विचमधून तेच काम सुमारे अर्ध्या-पाऊण तासात होते. इंटरनेटवर चढवण्याचा वेग २० एमबीपीएस असेल तर त्याच माहितीला सुमारे बावीस तास लागतात. आपत्तीच्या दिवशी माहिती उलट दिशेने आणायची असते, हे ध्यानात ठेवून हिशोब करावा.

पूर्ण आणि वाढीव बॅकअप

हा फरक व्यापाऱ्याला लगेच कळेल. वर्षअखेरीस आपण दुकानातील प्रत्येक थान मोजतो, तो पूर्ण बॅकअप. रोजची आवक-जावक लिहितो, तो वाढीव बॅकअप. मूळ मोजणीची वही हरवली तर नुसत्या आवक-जावकेवरून साठा कळत नाही. त्याचप्रमाणे पूर्ण बॅकअप खराब असेल तर त्यावर आधारलेले वाढीव बॅकअप कामाचे राहत नाहीत. म्हणून रोज वाढीव आणि आठवड्यातून एकदा पूर्ण, असा क्रम ठेवावा.

डेस्कटॉप आणि सर्व्हर यांची गरज वेगळी असते. बिलाच्या डेस्कटॉपवर महत्त्वाचे काही ठेवूच नये. त्याच्या संपूर्ण डिस्कची नक्कल महिन्यातून एकदा घेतली तरी चालते. सर्व्हरची माहिती रोज रात्री घ्यावी. हिशोबाचा प्रोग्रॅम उघडा असताना नुसत्या फायली कॉपी केल्या तर अर्धवट लिहिलेली नोंद येते आणि ती प्रत पुढे उघडत नाही. म्हणून सर्व बिले बंद झाल्यावर आधी प्रोग्रॅममधील स्वतःच्या सोयीने बॅकअप काढावा आणि मग ती फाइल जाळ्यातून न्यावी.

मागील प्रतीही ठेवाव्यात. आज चुकून खोडलेले खाते दोन महिन्यांनी लक्षात येते, तेव्हा कालची प्रत उपयोगी पडत नाही. रोजच्या चौदा, आठवड्याच्या आठ, महिन्याच्या बारा आणि प्रत्येक आर्थिक वर्षाची एक, असे प्रमाण आम्ही ठेवले आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०१७ च्या नियमांतील नियम ५७ तर स्पष्ट सांगतो की संगणकीय नोंदींचा योग्य बॅकअप असावा आणि अपघात वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी वेळेत परत मिळवता याव्यात. म्हणजे परत मिळवणे ही कायद्याचीही अट आहे.

पाणी, आग आणि व्हायरस

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेत दुकानेच्या दुकाने पाण्यात होती. अशा वेळी सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकदमच बुडतात. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हाही हाच धडा मिळाला. ज्या फायली आधी स्कॅन झाल्या होत्या त्यांच्या प्रती हाताशी राहिल्या, कागदावरच असलेल्या जळून गेल्या.

व्हायरसची तऱ्हा निराळी आहे. तो जाळ्यातून फिरतो आणि हाताला लागेल ती फाइल कुलूपबंद करतो. जून २०१७ अखेरच्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे काम जगभर ठप्प झाले आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्यात अडकले. या कंपनीच्या जाळ्याची ओळख-व्यवस्था सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून ते सर्व एकदम पुसले गेले. आफ्रिकेतील घाना येथील एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती. सतत जोडलेली नक्कल मूळ प्रतीबरोबरच मरते, हे यावरून कळते. सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची ‘रेड’ नावाची सोय असते, तिलाही हेच लागू आहे. एक डिस्क बिघडली तर ती तारते, पण चुकून खोडलेली नोंद दोन्हीकडून एकाच क्षणी जाते.

म्हणून तीन पथ्ये पाळावीत. बॅकअप संगणकावर कोणतेही शेअर केलेले फोल्डर ठेवू नये. त्याने इतरांकडून माहिती ओढून घ्यावी, इतरांना त्यावर लिहिता येऊ नये. त्याचा पासवर्ड वेगळा असावा आणि त्यावर ईमेल वगैरे उघडू नये. आणि आठवड्यातून एकदा एका बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून, ती डिस्क जाळ्यातून सोडवून दुकानाबाहेर न्यावी. अशा दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात, म्हणजे एक नेहमी बाहेर राहते. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केला. तो दुकानालाही तंतोतंत लागू पडतो. बाहेर जाणारी प्रत पासवर्डने बंद करावी आणि तो पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा. फक्त मालकाच्या डोक्यात असलेला पासवर्ड मालकाबरोबर जातो.

रिस्टोअरचा सराव

आता मुख्य गोष्ट. महिन्यातून एकदा बॅकअपमधून कोणतेही एक बिल शोधून उघडावे. तीन महिन्यांतून एकदा संपूर्ण हिशोब दुसऱ्या संगणकावर परत आणावा. तेथे चार गोष्टी ताडून पाहाव्यात : शेवटच्या बिलाचा क्रमांक, तेरीज, मालसाठा आणि कोणत्याही तीन गिऱ्हाइकांची बाकी. वर्षातून एकदा रिकाम्या डिस्कवर पेनड्राइव्हने सुरुवात करून पूर्ण सर्व्हर उभा करून पाहावा. प्रत्येक वेळी तारीख, कोणती प्रत वापरली, किती वेळ लागला आणि काय अडले हे वहीत लिहावे. आमच्या पहिल्या सरावाला दोन दिवस लागले, कारण प्रोग्रॅमचा परवाना क्रमांक सापडत नव्हता. तिसऱ्या सरावाला साडेतीन तास पुरले. हे काम मुलाला आणि मुनीमजींनाही आले पाहिजे, कारण आपत्ती मालक हजर असतानाच येते असे नाही.

प्रत्यक्ष आपत्ती आली तर घाई करू नये. व्हायरसचा संशय असेल तर प्रथम नेटवर्कची केबल काढावी. बिघडलेली डिस्क बाजूला काढून ठेवावी, तिच्यावर काही लिहू नये. परत आणलेली माहिती नव्या डिस्कवर उतरवावी. आधी कारण शोधावे, मग बॅकअप जोडावा, नाहीतर चांगली प्रतही त्याच आजाराने जाईल.

व्यापारी बांधवांना एवढीच विनंती आहे की आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या बॅकअपमधून मागील महिन्यातील एका गिऱ्हाइकाचे खाते काढून पाहावे. ते निघाले आणि बाकी जुळली तर निर्धास्त घरी जावे. न निघाले तरी आज दुकान चालू आहे, सर्व्हर जिवंत आहे आणि दुरुस्तीला वेळ आहे. आम्हाला तो वेळ मिळाला नव्हता.