वाळू, विहीर आणि कायदा



मी नायगावात राहतो. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. "वाळू गेली की विहिरी का आटतात?" असे गावोगावच्या बैठकीत मला विचारतात. वाळू पुराचे पाणी धरून ठेवते आणि हळूहळू काठच्या विहिरींना देते. ती उपसली की पात्र खोल जाते, विहिरीचे पाणी उलट नदीकडे ओढले जाते आणि काठची माती ढासळते.

म्हणूनच कायदा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार विनापरवाना उपशास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. वाहनही जप्त होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली.

आपल्याच जिल्ह्यात किनवट-माहूर भागातील अनुसूचित गावांत गोंड, कोलाम, आंध बांधवांना आणखी बळ आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तेथे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस लागते. मात्र ग्रामसभा केवळ कागदावर भरली, तर हे बळ हातचे जाते. म्हणून सभेला हजर राहा. ठराव वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका.

नायगाव अनुसूचित क्षेत्रात नाही. येथे तलाठी किंवा तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा. तारीख, वेळ, ठिकाण लिहा आणि पोच घ्या. रात्री ट्रॅक्टर अडवायला एकट्याने जाऊ नका.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हा पाठ कृपया मोठ्याने वाचून दाखवा.