ललितकलादर्श मंडळीचें दीर्घायुष्य

विलायतेंत ‘रोलिंग स्टोन्स’ नांवाचा गायकवादकांचा एक संच आहे. इ.स. १९६२ च्या जुलै महिन्यांत लंडन शहरीं त्याचा पहिला जलसा झाला आणि साठ वर्षें उलटून गेल्यावर, २०२३ सालीं, त्यानें नव्या गीतांची तबकडी प्रसिद्ध केली. इ.स. २००३ च्या एप्रिलांत हे लोक मुंबईस ब्रेबॉर्न मैदानावर गाऊनहि गेले. वरच्या वर्गांतील मुलांस त्यांचीं नांवें पाठ असतात, आणि त्यांच्या पालकांस हा सर्व निव्वळ गोंगाट वाटतो. गोंगाटाविषयीं वाद घालण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु ज्या ‘ब्ल्यूज’ नामक गायनपद्धतीवर या संचानें आपली उभारणी केली, ती अमेरिकेच्या दक्षिण भागांतील काळ्या लोकांची आहे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. गुलामगिरींतून सुटलेल्या त्या लोकांनीं शेतांत आपलें दुःख गाइलें आणि प्रार्थनामंदिरांत आपली आशा गाइली; ब्ल्यूज आणि त्यांचीं भक्तिगीतें यांचें माहेर एकच.

आज आपणांस पाहावयाचें आहे तें निराळेंच. एखादा संच साठ वर्षें टिकला म्हणजे त्यांतील नक्की काय टिकलें? स्टोन्स मंडळींतील एक मूळ संस्थापक ब्रायन जोन्स हा १९६९ सालींच वारला. ढोलवादक चार्ली वॉट्स २०२१ सालीं गेला. तरी आरंभापासूनचे दोघे अद्यापि रंगभूमीवर उभे आहेत. त्याच देशांत ‘सॅव्हॉय ब्राऊन’ हा दुसरा संच किम सिमंड्स यानें १९६५ सालीं काढला. सोबती किती आले व गेले याला सुमार नाहीं. तो एकटाच शेवटपर्यंत राहिला, आणि २०२२ सालीं त्यानें डोळे मिटले तेव्हां संचहि संपला. म्हणजे दोन्ही ठिकाणीं संचाचें आयुष्य कोणा एकादोघांच्या आयुष्याएवढेंच. याहून अवघड गोष्ट आपल्या महाराष्ट्रांत घडून गेली आहे, आणि ती मात्र आपल्या मुलांस फारशी ठाऊक नसते.

केशवराव भोसले यांचा जन्म कोल्हापुरास ९ ऑगस्ट १८९० रोजीं झाला. अगदीं लहान वयांतच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत शिरले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकांत शारदेची भूमिका करणारा हा मुलगा आपल्या तेजस्वी आवाजानें थोड्याच दिवसांत सर्वत्र गाजला. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक फिरतें गांवच असे. पडदे, पोषाख, ऑर्गन, तबला, भांडींकुंडीं, आचारी, पोरेंबाळें असा सारा संसार गाडीवर चढवून या गांवाहून त्या गांवास जावयाचें, आणि उत्पन्न आलें तर जेवावयाचें. असा संसार चालविण्याची उमेद केशवरावांस कोणत्या वयांत झाली असेल? १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळी येथें त्यांनीं ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन केली, तेव्हां त्यांस अठरावें वर्ष चालू होतें! आमच्या बारावीच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचें हेंच वय.

त्यांच्या गायनाची कीर्ति एवढी झाली कीं लोक त्यांस ‘संगीतसूर्य’ म्हणूं लागले. परंतु केवळ गळ्यावर विसंबून न राहतां, आपल्या काळाविषयीं कांहीं सांगूं पाहणारा नाटककार त्यांनीं हाताशीं धरला, यांत मला त्यांचें खरें मोठेपण दिसतें. हे नाटककार म्हणजे भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर. मामांचा जन्म आपल्या चिपळूणचा, आणि पूर्ववयांत त्यांनीं टपालखात्यांत नोकरी केली. हुंड्याच्या रूढीवर प्रहार करणारें ‘हाच मुलाचा बाप’ हें त्यांचें नाटक या मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. पुढें १९१९ सालीं ‘संन्याशाचा संसार’ आलें. त्यांत धर्मांतराचा प्रश्न आहे, आणि त्याची मांडणी आम्हां ख्रिस्ती वाचकांस सर्वस्वीं पटेल असें नाहीं. परंतु ज्या प्रश्नावर घराघरांत कुजबूज चाले, तो प्रश्न दिव्यांच्या उजेडांत हजारों लोकांपुढें मांडण्यास धैर्य लागतें, आणि मतभेद ठेवूनहि त्या धैर्याचा मान राखतां येतो. आमच्या मंडळींतील जुन्या वडीलधाऱ्यांस नाटकगृहाची पायरी चढणें निषिद्ध वाटे. त्यांच्या धास्तीस कारणें होतीं. तथापि हुंड्याविरुद्ध कित्येक उपदेशांनीं जें झालें नाहीं, तें एखाद्या नाटकानें थोडेंबहुत केलें असेल हेंहि खोटें नाहीं.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला नाटकगृहांत ‘संयुक्त मानापमान’ झालें. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या त्या काळच्या दोन मोठ्या प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं टिळक स्वराज्य फंडाकरितां एकत्र येऊन हा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. एरव्हीं ज्यांचे चाहते एकमेकांशीं हातघाईवर येत, ते दोघे एकाच कार्यासाठीं एका रंगभूमीवर उभे राहिले. यानंतर तीन महिनेहि पुरते लोटले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, विषमज्वरानें केशवरावांचा अंत झाला. वय अवघें एकतीस.

येथें मंडळी बुडावयाची. ज्याच्या नांवावर तिकिटें खपत तो गेला. पदरीं शेंकडों वस्तु आणि खाणारीं तोंडें. अशा वेळीं मंडळींतीलच बापूराव पेंढारकर यांनीं जूं खांद्यावर घेतलें. आडनांव निराळें, घराणें निराळें. एलीयाचा झगा अलीशानें उचलला त्याची आठवण येथें कोणाहि ख्रिस्ती वाचकास झाल्यावांचून राहणार नाहीं. केशवरावांची नक्कल करून जुनींच नाटकें करीत राहणें बापूरावांस सोपें होतें. त्यांनीं तें केलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९२२ सालीं, वरेरकरांचें ‘सत्तेचे गुलाम’ त्यांनीं उभें केलें. असहकारितेच्या चळवळीचें वारें त्यांत खेळत होतें. रंगलेल्या पडद्यांऐवजीं तीन भिंतींची खरी खोली रंगभूमीवर दाखविण्याची नवी रीतहि या मंडळीनें आपलीशी केली. पु. श्री. काळे यांच्यासारखा चित्रकार तिच्यापाशीं होता. चाली बांधावयास रामकृष्णबुवा वझे होते. हे सावंतवाडीकडील वझरें गांवचे. १९२३ सालीं अस्पृश्यतेवरील ‘तुरुंगाच्या दारांत’ आणि १९३२ सालीं गिरणीकामगारांवरील ‘सोन्याचा कळस’ हीं नाटकें झालीं. एक पद तीनतीनदां म्हणवून घेण्याच्या ‘वन्स मोअर’ च्या खुळानें आमचीं संगीत नाटकें पहांटेपर्यंत लांबत, कथानकाचा जीव जाई, आणि यास प्रेक्षकच जबाबदार होते, असें माझें स्पष्ट मत आहे. अशा प्रेक्षकांपुढें विचारप्रधान नाटकें करणें म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणें होय.

परंतु दुसरा पूर मोठा होता. १९३१ सालीं ‘आलमआरा’ आणि १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले. चार आण्यांत पडद्यावरील माणूस गाऊं लागल्यावर संपूर्ण बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांस कोण विचारतो? १८८० सालच्या ‘शाकुंतला’पासून चालत आलेली किर्लोस्कर मंडळीहि त्याच सुमारास मावळली. १९३७ च्या मार्चांत बापूराव निवर्तले आणि ललितकलादर्शाचा दिवा विझला.

बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे केशवरावांच्या मृत्यूनंतर आठ आठवडेहि झाले नव्हते. वडील गेले तेव्हां मुलगा पंधरा वर्षांचा. त्यानें वझेबुवांपाशीं गाणें शिकून घेतलें, आणि १९४२ सालीं, विशींतच, ‘सत्तेचे गुलाम’ याच नाटकानें मंडळी पुन्हां उभी केली. युद्धाचा काळ, ‘चले जाव’ ची चळवळ, आणि नाटकगृहांचीं चित्रपटगृहें झालेलीं! पुढील वाढ मात्र वडिलांच्या पुण्याईवर झाली असें कोणी म्हणूं नये. ‘स्वामिनी’, बाळ कोल्हटकरांचें ‘दुरितांचें तिमिर जावो’ (१९५७), विद्याधर गोखल्यांचीं ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) व ‘जय जय गौरीशंकर’ (१९६६) हीं सर्व नवीं नाटकें होत. गोखल्यांच्या या दोन्ही नाटकांस संगीत दिलें तें सोनवडें गांवच्या वसंत देसायांनीं. हा मुलूख १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. तेव्हां वरेरकर, वझेबुवा आणि देसाई मिळून या मंडळीवर कोंकणचें बरेंच ऋण आहे, असें अभिमानानें म्हणावयास हरकत नाहीं.

भालचंद्रांनीं आणखी एक काम केलें. नाटकांचे प्रयोग ते ध्वनिफितीवर उतरवून ठेवीत. गाणाऱ्याचा आवाज त्याच्यामागें राहात नाहीं, हें त्यांनीं जन्मापासूनच जाणलें असावें. २००८ सालीं मंडळीस शंभर वर्षें पूर्ण झालीं, आणि तो सोहळा त्यांनीं स्वतः पाहिला. ११ ऑगस्ट २०१५ रोजीं, त्र्याण्णव वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

कोल्हापुरास छत्रपति शाहू महाराजांनीं १९१५ सालीं उघडलेल्या पॅलेस थिएटरास पुढें केशवरावांचें नांव दिलें गेलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं तें नाट्यगृह आगींत जळालें. दुसऱ्या दिवशीं केशवरावांच्या जन्मास १३४ वर्षें पूर्ण होत होतीं. लोकांच्या आग्रहावरून सरकारनें त्याच जागीं तें पूर्वींसारखें बांधण्याचें काम हातीं घेतलें आहे.